अर्धं भिंग झाकलं तर? प्रयोग दाखवणं आणि प्रयोग विचारणं

दहावीचा भिंगांचा धडा आला की मी कपाटातून एक बहिर्वक्र भिंग काढतो. कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या दुकानातून आणलेलं, बारीक अक्षर वाचायला वापरतात तसलं. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ ते धरायचं, जरा मागंपुढं करायचं, की भिंतीवर खिडकी उमटते. गज, बाहेरचं ग्राउंड, कडेचा गुलमोहर, वरचं आभाळ, सगळं उलटं आणि रंगासकट. पोरं बाकावर चढून बघतात. इतक्या वर्षांनंतरही हा क्षण मला आवडतो.

पुष्कळ वर्षं माझा प्रयोग इथंच संपायचा. प्रतिमा दाखवली, फळ्यावर 'वास्तव आणि उलटी' लिहिलं, किरणाकृती काढली, टाचण वहीत 'प्रयोग दाखवला' अशी नोंद केली. आताही भिंग तेच, भिंत तीच, टाचण वहीतली नोंदही तीच. वर्गात जे घडतं ते मात्र पार वेगळं असतं. दोन निराळ्या कामांना एकच नाव पडलंय. त्यामुळं नवे शिक्षक, आणि त्यांना शिकवणारेही, दोन्हींची सरमिसळ करतात. एक आहे प्रयोग दाखवणं. दुसऱ्याला मी माझ्यापुरतं 'प्रयोग विचारणं' म्हणतो.

विचारायचं कसं, ते भिंगावरच सांगतो. भिंतीवर खिडकीची प्रतिमा पडलेली आहे. माझ्या दुसऱ्या हातात वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा आहे. मी विचारतो, "या पुठ्ठ्यानं भिंगाचा वरचा अर्धा भाग झाकला, तर भिंतीवर काय दिसेल?" पुठ्ठा अजून लावलेला नाही. प्रत्येकानं आपलं उत्तर कागदावर लिहायचं, तेही पेनानं. पेन्सिलीनं लिहिलं की निकाल दिसताच खोडरबर चालतं, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. लिहून झालं की शेजाऱ्याशी बोलायचं. पटलं तर उत्तर बदलायचं, पण आधीचं खोडायचं नाही. मग कुणाकुणाची काय उत्तरं आहेत ती मी फळ्यावर घेतो. चूक की बरोबर ते सांगत नाही, चेहऱ्यावरही दिसू देत नाही. हे फार अवघड आहे, कारण पोरं आमचे चेहरे वाचण्यात पटाईत असतात.

"अर्धंच दिसणार की ओ सर!" बहुतेक हात इथं वर जातात. मग खरा वाद पेटतो तो कुठलं अर्धं जाणार यावर. गेल्या खेपेला एक मुलगी तावातावानं उठली, "मी सांगतो सर. आभाळाचा उजेड वरनं येतोय, तो भिंगाच्या वरच्या भागातनं जाणार. तोच झाकलाय म्हटल्यावर आभाळ गेलं. ग्राउंड राहणार." किती नेटकं बोलली! तिची विचारसरणी चुकीची होती, पण ती विचारसरणी होती, पाठांतर नव्हतं. दाखवून मोकळा झालो असतो तर तिच्या डोक्यात हे आहे याचा मला पत्ताही लागला नसता.

मग पुठ्ठा लावतो. आभाळ जागेवर. ग्राउंड जागेवर. गज मोजून घ्या, सगळे तेवढेच. फक्त प्रतिमा अंधुक झालेली. वर्ग दोन-तीन सेकंद गप्प होतो आणि मग पहिला संशय माझ्या हातावर येतो. "सर, पुठ्ठा नीट लागला नाही." मी पुठ्ठा त्यांच्याच हातात देतो. वरून झाकतात, खालून झाकतात, बाजूनं झाकतात. प्रतिमा दर वेळी पुरी.

असं का होतं? झाडाच्या शेंड्यावरच्या एका पानाकडून निघालेला प्रकाश भिंगाच्या एकाच ठिकाणी येत नाही, तो भिंगाच्या सबंध पृष्ठभागावर पसरून येतो. भिंग हा सगळा प्रकाश वळवून भिंतीवरच्या एका बिंदूत गोळा करतं. अर्धं भिंग झाकलं तर त्या बिंदूकडं अर्धा प्रकाश पोचतो, पण बिंदू हलत नाही की नाहीसा होत नाही. प्रत्येक पानाची हीच गोष्ट, म्हणून प्रतिमा पूर्ण राहते आणि तेज कमी होतं. चूक होते ती आमच्या किरणाकृतीमुळं. पुस्तकात वस्तूच्या टोकापासून दोन किंवा तीन किरण काढलेले असतात: एक मुख्य अक्षाला समांतर, एक प्रकाशीय केंद्रातून, एक नाभीतून. ते काढायला सोपे म्हणून निवडलेले असतात. पोरांना वाटतं, प्रकाश तेवढाच आहे. पाच मार्कांची आकृती अचूक काढणारं पोरगंही पुठ्ठ्याच्या प्रश्नावर अडखळतं.

हा घोळ आमच्याकडच्या मुलांपुरता नाही. फ्रेड गोल्डबर्ग आणि लिलियन मॅकडरमॉट यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमका हाच प्रश्न अमेरिकेतल्या सिअॅटल शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना विचारला होता. अर्धं भिंग झाकलं तर? भिंग काढूनच घेतलं तर? पडदा पुढं सरकवला तर? प्रकाशाचा अभ्यासक्रम शिकून झालेल्या अनेकांनी 'अर्धी प्रतिमा जाईल' असंच उत्तर दिलं. भिंग काढलं तर प्रतिमा राहील, फक्त सुलटी होईल, असंही सांगणारे होते. माझ्या वर्गात हे वाक्य शब्दशः ऐकायला मिळतं. सिअॅटलचा विद्यार्थी आणि राजारामपुरीतला विद्यार्थी एकाच ठिकाणी ठेचकाळतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मोठा धीर आला होता. दोष माझ्या पोरांच्या डोक्यात नव्हता.

विचारण्याच्या पद्धतीला रीतसर आकार दिला तो डेव्हिड सोकोलॉफ आणि रोनाल्ड थॉर्नटन या दोन अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी, 1990 च्या दशकात. त्यांनी आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. त्या सगळ्या इथं मांडत नाही, वर बहुतेक येऊन गेल्या. दोन गोष्टी मात्र मुद्दाम सांगतो. अंदाजाचा कागद गोळा करायचा, पण त्याला मार्क द्यायचे नाहीत. मार्क आले की पोरं अंदाज करणं सोडून माझ्या मनातलं उत्तर शोधू लागतात. आणि शेवटची पायरी, म्हणजे त्याच तत्त्वाचा दुसरा प्रसंग पुढं ठेवणं, कधीही गाळायची नाही. तास संपायला आला की आपण हटकून तीच गाळतो.

एवढा खटाटोप कशाला, नुसतं नीट दाखवलं तर पुरत नाही का? याचं उत्तर हार्वर्डमध्ये मोजून झालंय. कॅथरीन क्राउच, एरिक मझूर आणि सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार गट होते. एका गटाला प्रयोग दाखवलाच नाही. दुसऱ्याला नेहमीसारखा दाखवून समजावला. तिसऱ्यानं आधी अंदाज नोंदवला. चौथ्यानं अंदाज नोंदवला आणि नंतर त्यावर चर्चाही केली. पुढं त्याच प्रसंगांवर प्रश्न विचारले, तेव्हा कारणासह बरोबर उत्तर देणारे अनुक्रमे 22, 24, 30 आणि 32 टक्के निघाले. पहिले दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. न दाखवणं आणि दाखवणं यांत अंतर जवळपास नाहीच. उडी आहे ती अंदाज लिहून घेण्यात, आणि त्याला जादा वेळ लागला तो दोनेक मिनिटं. अर्थात 32 टक्के हाही काही मिरवण्याजोगा आकडा नाही. विचारण्यानं सगळं साधतं असा दावा मी करणार नाही. पण ज्या तासांवर मी वर्षानुवर्षं खूश होतो, त्यांतून पोरांच्या पदरात किती पडलं असेल, हा विचार तो 24 टक्क्यांचा आकडा वाचल्यापासून मला सोडत नाही.

अमेरिकेतली ही पद्धत बाकी जगात कशी गेली, हेही सांगण्यासारखं आहे. 'आंतरराष्ट्रीय' आणि 'भौतिकशास्त्र' हे शब्द एकत्र आले की आमच्याकडं पालक थेट ऑलिम्पियाडचं विचारतात. ती स्पर्धा मोलाची आहेच. पण ती आधीच तयार असलेली मुलं निवडते. इथं गोष्ट शिक्षकांची आहे. युनेस्कोच्या पुढाकारानं प्रकाशशास्त्राच्या सक्रिय अध्ययनाचा एक प्रकल्प उभा राहिला, इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'अॅलॉप' म्हणतात. पहिली कार्यशाळा नोव्हेंबर 2004 मध्ये घानातल्या केप कोस्ट विद्यापीठात झाली. मग ट्युनिशिया, मोरोक्को आणि 2006 मध्ये दिल्ली. शिकवणाऱ्यांच्या चमूत अमेरिकेचे सोकोलॉफ होते, तसे फिलिपिन्सचे इव्हान कुलाबा आणि ट्युनिशियाच्या झोहरा बेन लखदर हेही होते. म्हणजे विकसनशील देशांतल्या शिक्षकांना शिकवायला विकसनशील देशांतलेच शिक्षक. साहित्य असं निवडलेलं की ते स्वस्तात, गावातल्या बाजारात जमावं.

या कार्यशाळांतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिथं आलेले शिक्षक आधी विद्यार्थी होऊन बसतात. अंदाजाचा कागद त्यांच्याही हातात. पदव्युत्तर पदवी असलेला माणूसही पेनानं लिहितो की अर्धी प्रतिमा जाईल, आणि मग पुठ्ठा लागतो. आपलं उत्तर चुकल्यावर पोटात काय होतं, ते ज्यानं अनुभवलंय तो वर्गातल्या चुकलेल्या पोरावर हसत नाही. याच धर्तीवर 'फिजवेअर' नावाची कार्यशाळा 2009 मध्ये इटलीत ट्रिएस्टला, भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी स्थापलेल्या केंद्रात झाली आणि 2012 मध्ये दिल्लीत. ती घडवणाऱ्यांत दिल्लीच्या मिरांडा हाऊस कॉलेजच्या प्रतिभा जॉली होत्या. जगभरच्या भौतिकशास्त्र-शिक्षणाची आस्था वाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलंय.

याउलट आपल्याकडची काही प्रशिक्षणं. एकदा तीन दिवसांच्या एका प्रशिक्षणात 'कृतियुक्त विज्ञान' या विषयावर सबंध दुपार स्लाइड बघत बसलो होतो. शेवटी साधनव्यक्तींनी एक प्रयोग करून दाखवला, आम्ही मोबाईलवर त्याचे फोटो काढले, गटावर टाकले. प्रयोग छान होता. पण आम्हाला कुणी काही विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी आम्हीही वर्गात जाऊन तसंच दाखवलं. शिक्षक ज्या रीतीनं शिकवला जातो त्या रीतीनं शिकवतो. म्हणून शिक्षक घडवणाऱ्या ठिकाणीच हा बदल व्हायला हवा, असं मला कळकळीनं वाटतं. बी.एड.च्या सराव पाठात 'प्रयोग दाखवला का?' या रकान्याशेजारी 'आधी अंदाज लिहून घेतला का?' असा एक रकाना आला तरी पुष्कळ फरक पडेल.

प्रश्न बाहेरून आला तरी भांडण मात्र पोरांच्या भाषेतच व्हायला लागतं. आमच्याकडं सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत, विज्ञान इंग्रजीतून. प्रश्न पुस्तकी इंग्रजीत विचारला की वर्ग चिडीचूप होतो. तोच कोल्हापुरीत टाकला की पाठीमागच्या बाकावरून आवाज येतो, "व्हय, पण मग उजेड कुठनं येणार?" म्हणून माझा नियम साधा आहे: अंदाज आणि वाद मराठीत, निष्कर्ष पुस्तकाच्या भाषेत. 'प्रतिमा' शब्दाला कुणी 'फोटो' म्हणालं तरी त्या घडीला मी टोकत नाही.

तर मग नुसतं दाखवणं वाईट का? अजिबात नाही. ज्या गोष्टीविषयी मुलांच्या मनात आधीचं मतच नाही, तिथं अंदाज मागण्यात अर्थ नसतो. लोलकातून भिंतीवर पहिल्यांदा सात रंग पडतात, तेव्हा गप्प राहावं आणि बघू द्यावं. भिंतीवरची ती उलटी खिडकीसुद्धा मी आधी नुसती दाखवतो. जिथं पोरांचं मत पक्कं आहे आणि चुकीचं आहे, तिथं मात्र दाखवून भागत नाही. पोरं पाहतात आणि आपल्या जुन्या मताला सोयीचं तेवढं लक्षात ठेवतात. विजेच्या परिपथात पहिला दिवा धारा 'खाऊन टाकतो', वर फेकलेल्या चेंडूवर हाताचा जोर शिल्लक असतो, ही त्यातली नेहमीची ठिकाणं. कुठं दाखवायचं आणि कुठं विचारायचं हे ओळखणं, माझ्या मते, विज्ञान शिक्षकाच्या कौशल्याचा मोठा वाटा आहे.

भिंगाच्या तासाला शेवटच्या पायरीसाठी कोल्हापूरसारखं गाव नाही. बाबूराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात स्वतः घडवला, हे पोरांना ऐकून माहीत असतं. मी विचारतो, फोटोग्राफर भिंगामागचं छिद्र लहान करतो, तेव्हा फोटोच्या कडा कापल्या जातात का? कुणाच्या तरी मामाचा स्टुडिओ असतोच. उत्तर येतं, "न्हाई सर, फोटो काळपट येतो." मग तोच पोरगा पुठ्ठ्याकडं बघतो आणि त्याच्या ध्यानात येतं.

गेल्या खेपेला घंटा व्हायला पाच मिनिटं होती. भिंगाच्या बरोब्बर मधोमध मी रुपयाचं नाणं चिकटपट्टीनं लावलं आणि ते भिंतीकडं न नेता हातातच धरलं. आता काय दिसेल? किरणाकृती ज्यांची सगळ्यात पक्की, तेच आधी बोलले: मधला किरण अडला, म्हणजे प्रतिमा गेलीच. काहींनी लिहिलं, मध्ये नाण्याचा काळा ठिपका दिसेल. आभाळ जाणार म्हणणारी ती मुलगी या वेळी लगेच बोलली नाही. तिनं कागदावर झाडाचा शेंडा काढला, तिथून भिंगाकडं दोन नव्हे, सात-आठ रेघा ओढल्या, मधल्या दोन खोडल्या आणि उरलेल्या मोजल्या. मग हात वर केला. "सगळं दिसणार सर. जरा अंधुक. लावा आता."

मी भिंग भिंतीजवळ नेलं.