गल्ल्यावरची रीत (बडोदे)

दुकानात माल घेऊन झाल्यावर गिऱ्हाईक आणि गल्ल्यावर बसलेली व्यक्ती यांच्यात पैशांची देवघेव होताना पाळले जाणारे संकेत. नोट कोणत्या हाताने द्यावी, ती कशी न्याहाळावी, सुट्टे कोणी काढावेत, सकाळच्या पहिल्या विक्रीला आणि दिवेलागणीला काय टाळावे, हिशेबातली कसर कोणी सोडावी अशा बाबी त्यांत येतात. हे संकेत कुठे लिहिलेले नाहीत. घरातले मोठे माणूस मुलाला हाताशी धरून दुकानात नेते तेव्हा ते शिकले जातात. प्रस्तुत नोंद बडोदे (वडोदरा) शहर आणि तेथील मराठी भाषक यांच्यापुरती आहे.

या शहराचे वैशिष्ट्य असे, की गल्ल्याच्या दोन बाजूंना बहुधा दोन भाषा असतात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात गायकवाडांची सत्ता येथे आली व १७३४ पासून ती स्थिरावली. लष्कर, दरबार आणि कचेऱ्या यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागांत वसली. पेठेतला व्यापार मात्र मुख्यतः गुजराती व्यापाऱ्यांकडेच राहिला. दरमहा पगार घेणारे मराठी घर आणि गादीवर बसणारा गुजराती शेठ यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या जी देवघेव झाली, तिच्यातून ही रीत घडली असे मानण्यास जागा आहे.

शब्दविचार : ‘गल्ला’ हा शब्द मराठी व हिंदीत याच रूपात आणि गुजरातीत ‘गल्लो’ असा आढळतो. त्याच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार त्याचे मूळ अरबी ‘गल्ला’ हे होय. जमिनीचे उत्पन्न, पीक, त्यापासूनची आवक असा त्याचा अर्थ. फार्सीमार्गे तो भारतीय भाषांत आला आणि हिंदी-उर्दूत धान्य व रोकडीची पेटी असे दोन्ही अर्थ धारण करून राहिला. दुसरे मत तो संस्कृत ‘गोलक’ या शब्दाशी जोडते. हिंदीतील ‘गोलक’ व ‘गुल्लक’ (पैसे साठवण्याचे मातीचे बंद भांडे) ही त्याचीच रूपे मानली जातात. पेटीचा गोल आकार दुसऱ्या मताला अनुकूल दिसतो खरा. पण ‘आज गल्ला किती झाला?’ या प्रश्नात ‘गल्ला’ म्हणजे पेटी नसून दिवसाची आवक असते आणि हा अर्थ गोलकातून निघत नाही. पेटीला आवकेचे नाव मिळाले असावे, हे अधिक संभवनीय वाटते. बडोद्यात आणखी एक भर पडते. गुजरातीत पानाच्या टपरीलाही ‘गल्लो’ म्हणतात, त्यामुळे येथील मराठी तरुण ‘गल्ल्यावर भेटू’ म्हणतो तेव्हा पानाचे दुकान अभिप्रेत असते. या नोंदीत गल्ला म्हणजे रोकडीची पेटी आणि ती सांभाळणाऱ्याची बैठक.

दिवसाच्या पहिल्या विक्रीला मराठीत ‘भवानी’ किंवा ‘बोहणी’, गुजरातीत ‘बोणी’ आणि हिंदीत ‘बोहनी’ म्हणतात. भवानी हे रूप देवीच्या नावाशी जोडण्याकडे मराठी मनाचा ओढा आहे आणि पहिली नोट कपाळाला लावणाऱ्या दुकानदाराकडे पाहिले की ते पटतेही. तथापि तेलुगू, कन्नड व तमिळ या भाषांतही पहिल्या विक्रीला ‘बोणी’सारखाच शब्द आहे व तिथे देवीचा संबंध दिसत नाही. हिंदी कोशपरंपरा बोहनी हा शब्द संस्कृत ‘बोधन’ (जागे करणे) यापासून साधते. ध्वनीच्या दृष्टीने हे शक्य असले तरी निर्णायक म्हणता येत नाही. भवानी हे बोहणीचे लोकांनी अर्थपूर्ण करून घेतलेले रूप असावे, एवढे म्हणणे सुरक्षित होय. गुजरातीत बोणीचा दुसरा अर्थ दिवाळीची बक्षिसी असा आहे. ज्याला मराठीत ‘पोस्त’ म्हणतात ते बडोद्याच्या मराठी घरांत पुष्कळदा ‘दिवाळीची बोणी’ म्हणून दिले जाते.

पारख आणि वटाव : आज पाचशेची नोट उजेडाकडे धरून पाहणारा गल्लेवाला गिऱ्हाइकाला खटकत नाही. यामागे नाण्यांच्या पारखीची जुनी सवय आहे. बडोदे संस्थानाचा स्वतःचा रुपया होता. तो ‘बाबाशाही’ म्हणून ओळखला जाई. त्यावर फार्सी मजकुरासोबत राज्यकर्त्याच्या नावाची नागरी आद्याक्षरे आणि गायकवाडांचे चिन्ह असलेली वाकडी तलवार आढळते. तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या (कारकीर्द १८७५–१९३९) काळात त्यांची प्रतिमा असलेली यंत्रावर पाडलेली नाणीही निघाली. परंतु पेठेत एकटा बाबाशाही नव्हता. सुरत, भडोच येथील रुपये गुजरातेत फिरत होते आणि १८३५ नंतर कंपनी सरकारचा १८० ग्रेन वजनाचा (सु. ११.६६ ग्रॅम), बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी असलेला एकसारखा रुपया त्यांत आला.

एका रुपयाचे दुसऱ्यात रूपांतर करताना जी तूट धरली जाई तिला ‘वटाव’ अथवा ‘बट्टा’ म्हणत. सराफ नाणे बोटाच्या नखावर उडवी किंवा दगडावर आपटून त्याचा नाद ऐके आणि मगच किंमत सांगे. नाद ऐकणे म्हणजे देणाऱ्यावर अविश्वास नव्हे, तर नाण्याची चौकशी, हा भेद त्या काळी पक्का झाला असावा. विसाव्या शतकाच्या आरंभी बाबाशाही चलन मागे घेण्यात येऊन ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया सर्वत्र रूढ झाला. वटावाचे मूळ कारण तेव्हाच संपले. शब्द मात्र राहिला. आजही व्यापाऱ्याच्या वहीत ‘कसर-वटाव’ या नावाचे खाते असते आणि हिशेब चुकता करताना वरचे रुपये-दोन रुपये सोडले की ते त्यात टाकले जातात.

शहराच्या चार दरवाजांकडून (लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर व गेंडी) येणारे रस्ते जिथे मिळतात त्या कमानदार इमारतीचे नाव ‘मांडवी’, म्हणजे जकातीचे ठाणे. पैसे मोजून घेण्याची जागाच शहराच्या मध्यभागी होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने २० जुलै १९०८ रोजी स्थापन झालेल्या बँक ऑफ बडोदाचा आरंभही मांडवीतच झाला.

प्रत्यक्ष रीत : देणे-घेणे उजव्या हाताने होते. उजवा हात गुंतलेला असेल तर गिऱ्हाईक पिशवी खाली ठेवते, पण डाव्या हाताने नोट पुढे करत नाही. नाइलाज झालाच तर डाव्या हाताने उजव्या कोपराला स्पर्श करून देतात. जुन्या दुकानांत शेठ पांढऱ्या गादीवर बसतो. त्याच्यापुढे उतरत्या फळीचे लाकडी मेज असते, त्याला गुजरातीत ‘ढाळियुं’ म्हणतात. फळी उचलली की आत नाण्यांच्या वाट्या आणि नोटांचे कप्पे. ‘घडियाळी पोळ’ या जुन्या गल्लीतल्या साड्यांच्या दुकानांत गादीवर चढण्याआधी चपला काढणे अपेक्षित असते आणि ते गिऱ्हाइकाला सांगावे लागत नाही.

मराठी गिऱ्हाईक पुरुष दुकानदाराला ‘भाई’ किंवा ‘शेठ’ म्हणते, वयस्कर असल्यास ‘काका’. दुकानदार मराठी बाईंना ‘बेन’ म्हणतो. ओळख जुनी असेल तर ‘ताई’, ‘काकू’ हे शब्द गुजराती उच्चारांत ऐकू येतात. सुट्ट्या पैशांना मराठीत ‘मोड’, ‘चिल्लर’, ‘खुर्दा’ (फार्सी ‘खुर्दा’, बारीक तुकडे) हे शब्द आहेत, पण बडोद्यात ‘छुटा’ हा गुजराती शब्द मराठी वाक्यात सहज बसला आहे : ‘छुटा आहे का, भाई?’

सर्वांत नाजूक वेळ बोणीची. दुकानदार उंबऱ्यावर पाणी शिंपडतो, गल्ल्याभोवती उदबत्ती ओवाळतो आणि आतल्या लक्ष्मीच्या चित्राला नमस्कार करतो. हे चालू असताना गिऱ्हाईक बाजूला उभे राहते. मग पहिली नोट येते. ती तो गल्ल्याच्या कडेला टेकवतो, डोळ्यांना लावतो आणि आत ठेवतो. या वेळी उधारी मागत नाहीत, घासाघीस ताणत नाहीत आणि घेतलेली वस्तू परत करायला जात नाहीत. तीस रुपयांच्या खरेदीला पाचशेची नोट काढली तर ‘बोणीना टाइमे छुटा नथी, बेन’ हे उत्तर ठरलेले. त्यावर रागावण्याची पद्धत नाही. पिशवी दुकानातच ठेवून शेजारून मोड आणणे किंवा ‘राहू द्या, मागून देते’ असे न म्हणता वस्तूच नंतर नेणे, हे शहाणपणाचे समजतात. उलट पहिले गिऱ्हाईक रिकाम्या हाती गेले तर दुकानदाराला रुखरुख लागते. म्हणून तो दोन-चार रुपये स्वतःहून कमी करतो. बोणीच्या वेळची ही सवलत घासाघीस न करणाऱ्यालाच मिळते.

संध्याकाळी दिवा लावताना गल्ल्यातून पैसे बाहेर देणे टाळतात. बाकी परत द्यायची असली तरी दिवा लागून नमस्कार होईपर्यंत क्षणभर थांबतात. दुकान बंद करण्याला मराठीत ‘वाढवणे’ आणि हिंदीत ‘बढ़ाना’ म्हणतात. संपणे, बंद होणे हे शब्द लक्ष्मीच्या जागी उच्चारू नयेत, ही त्यामागची भावना होय. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात, तेही याच भावनेने.

नोटा मोजण्याची रीत या सगळ्याच्या गाभ्याशी आहे. ‘मोजून घ्या’ हे देणाऱ्याने म्हणायचे असते, घेणाऱ्याने मागायचे नसते. हा एक शब्द आधी आला, की मोजणे हा संशय राहत नाही. घेणारा दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर मोजतो, पाठ फिरवून नाही. आणि मोजून होईपर्यंत देणाऱ्याची मूळ नोट गल्ल्यात जात नाही, वर काचेवर किंवा रबरी चटईवर राहते, म्हणजे शंभराची दिली की पाचशेची असा वाद उद्भवत नाही. परतीचे पैसे लहान नाण्यांपासून वर चढत देतात : आधी चिल्लर, मग दहा-वीसच्या नोटा. ‘हिसाब कोडीनो, बक्षिस लाखनी’ (हिशेब कवडीचा, बक्षीस लाखाचे) ही गुजराती म्हण बडोद्याची मराठी माणसेही याच प्रसंगी वापरतात. फाटकी नोट गड्डीच्या मधोमध घालून देणे हा मात्र उघड अपराध मानला जातो. ती वर ठेवून ‘ही चालेल का?’ असे विचारणारा खरा गिऱ्हाईक.

खाते : पगारदार मराठी घरांचे किराणा दुकानात मासिक खाते असे आणि काही ठिकाणी अजूनही आहे. दुकानदाराची वही आणि घरची छोटी डायरी अशा दोन नोंदी ठेवत. थकबाकीचा आकडा इतर गिऱ्हाइकांदेखत मोठ्याने सांगत नाहीत. कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून काचेवरून पुढे सरकवतात. घरातल्या मुलाला पाठवले असेल तर चिटोरा दुमडून देतात. दोन कुटुंबांची अब्रू त्या घडीत सांभाळली जाते. दिवाळीपूर्वी खाते चुकते करणे दोन्ही बाजूंना बंधनकारक वाटते, कारण लक्ष्मीपूजनाला चोपडापूजन होऊन नवी वही सुरू होते. तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ आणि ‘शुभ-लाभ’ लिहितात. नंतर बरीच दुकाने लाभपंचमीपर्यंत बंद असतात. त्या दिवशी ओळखीची मराठी घरे मुद्दाम काहीतरी छोटे, हळदीची पुडी किंवा गुळाचा खडा, रोख देऊन घेतात.

अर्वाचीन बदल : १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. सोळा आणे आणि चौसष्ट पैशांच्या हिशेबावर वाढलेल्या पिढीला गल्ल्यावर काही काळ दुहेरी आकडेमोड करावी लागली. ‘चार आणे’, ‘आठ आणे’ ही भाषा मात्र पुढे कित्येक वर्षे टिकली. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील नाणी बाद झाली. त्याच वर्षीच्या नाणे कायद्याने एक रुपया व त्यावरील नाणी हजार रुपयांपर्यंतच्या आणि पन्नास पैशांची नाणी दहा रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध ठरवली. तरीही रुपया-दोन रुपयांच्या जागी गोळी किंवा चॉकलेट हातावर ठेवण्याची सवय पसरली. जुन्या रीतीच्या दृष्टीने ही गोष्ट वाईटच. कसर सोडायची ती देणाऱ्याच्या मर्जीने, आणि चॉकलेटात ती मर्जी विचारलीच जात नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या यूपीआयमुळे नोटेचा स्पर्श कमी झाला. खंडेराव मार्केटजवळच्या भाजीच्या गाड्यांवरही आता क्यूआर कोडची पाटी आहे. रीत मात्र नव्या साधनाशी जुळवून घेताना दिसते. गिऱ्हाईक मोबाइलचा पडदा स्वतःहून दुकानदाराकडे वळवते, म्हणजेच ‘मोजून घ्या’ म्हणते. दुकानदार पडद्याकडे ओझरते पाहतो आणि छोट्या स्पीकरवर रकमेची घोषणा होईपर्यंत दोघेही थांबतात. ‘आवी गया’ असे तो म्हणाला, की व्यवहार पुरा. काही दुकानदार बोणी मात्र रोखीनेच घेतात. सकाळी मोबाइल पुढे करणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकाकडे ते एखादे नाणे मागून घेतात, गल्ल्याला आणि डोळ्यांना लावतात, आणि उरलेली रक्कम कोडवर घेतात.