चिंतनशील अध्ययन, पदवी-उमेदवारीतील

नोकरी करता करता विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या शिकाऊ उमेदवाराने कामावरचा अनुभव आणि वर्गातले ज्ञान एकमेकांशी ताडून पाहण्याची व ते लिहून काढण्याची पद्धत. इंग्लंडमध्ये पदवी-उमेदवारी २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात ही पद्धत संदर्भ देणे, शोधनिबंध वाचणे, युक्तिवाद बांधणे या अभ्यासकौशल्यांच्या जोडीने शिकवतात. उमेदवार पगारी कर्मचारी असतो. २०२२ पर्यंत कामाच्या वेळेचा किमान २० टक्के भाग कामाबाहेरील प्रशिक्षणाला देणे बंधनकारक होते. ऑगस्ट २०२२ मध्ये पूर्णवेळ उमेदवारासाठी आठवड्याला सरासरी ६ तासांचा निकष आला; तोही २०२५ मध्ये बदलला. ज्ञान, कौशल्य व वर्तन या तिन्हींचे पुरावे त्याला जमवावे लागतात. त्यामुळे चिंतनाची वही हा मूल्यमापनाचाही आधार ठरतो.

या पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. साधारणपणे तो अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या १९१० च्या विवेचनापर्यंत नेतात. अडचण, तिची नेमकी मांडणी, संभाव्य उत्तर आणि त्याची पारख असा विचाराचा क्रम त्यांनी दाखवला. अनुभवातून नव्हे, तर अनुभवावरील चिंतनातून आपण शिकतो, हे त्यांच्या नावावर सर्रास दिले जाणारे वाक्य मात्र त्यांच्या लेखनात त्या शब्दांत आढळत नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभव, निरीक्षण, संकल्पना व प्रयोग असे चार टप्प्यांचे चक्र मांडताना त्याचे श्रेय मुख्यतः मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन (मृत्यू १९४७) यांना दिले. लेविन यांच्या कृतिसंशोधनात, म्हणजे कृती करत करत केलेल्या संशोधनात, योजना, कृती आणि परिणामांची तपासणी यांची आवर्तने आहेत, पण चार टप्प्यांचे हे चक्र त्यांनी स्वतः मांडल्याचे दिसत नाही. फिनलंडचे रेइयो मिएट्टिनेन यांनी २००० मध्ये कोल्ब यांनी पूर्वसूरींच्या लेखनाच्या लावलेल्या या अर्थावर, विशेषतः ड्यूईंच्या संदर्भात, सविस्तर टीका केली. ती बरीचशी ग्राह्य वाटते. पदवी-उमेदवाराच्या स्थितीला डॉनल्ड शॉन यांची १९८३ ची मांडणी अधिक जवळची आहे. काम चालू असताना होणारे चिंतन आणि काम उरकल्यावर होणारे चिंतन यांत त्यांनी भेद केला. उमेदवाराला ही दोन्ही लागतात, वहीत मात्र बहुधा दुसरेच उतरते.

प्रत्यक्षात सर्वाधिक वापर ग्रॅहम गिब्ज यांच्या १९८८ च्या सहा पायऱ्यांचा होतो : वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृतियोजना. नवखा उमेदवार पहिल्याच पायरीवर अडतो. परिचर्येच्या (नर्सिंग) उमेदवाराची नोंद अशी असू शकते : “रुग्णाने मागितले म्हणून चहा-बिस्किटे दिली. त्याला शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवायचे होते, हे मागाहून कळले. सिस्टरना सांगितले.” एवढ्यावर चिंतन होत नाही. पाळी बदलताना निरोप फक्त तोंडी दिला गेला का, पलंगापाशी पाटी होती का, आपण विचारायला का कचरलो आणि निरोपाच्या देवाणघेवाणीविषयी व्याख्यानात जे ऐकले ते इथे कुठे निसटले, हे प्रश्न आले की नोंदीला धार येते. रुग्णाची ओळख कळेल असा तपशील त्यात येऊ द्यायचा नसतो. ब्रिटनमध्ये परिचारिकांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी एप्रिल २०१६ पासून पाच लेखी चिंतननोंदी तयार ठेवाव्या लागतात. म्हणजे ही सवय पदवीनंतरही उपयोगी पडते.

अभ्यासकौशल्ये सुटी शिकवावीत की विषयातच मुरवावीत, याबद्दल मतभेद आहेत. मेरी ली व ब्रायन स्ट्रीट यांनी १९९८ मध्ये लेखनाला केवळ कौशल्य मानण्याची मर्यादा दाखवली. विद्यापीठाचा निबंध आणि कचेरीतला अहवाल यांच्या रीती वेगळ्या असतात, आणि उमेदवार एकाच आठवड्यात दोन्ही लिहितो. हे पाहता विषयांतर्गत शिकवणीचा पक्ष सबळ दिसतो. डेव्हिड बाउड व डेव्हिड वॉकर यांनी त्याच वर्षी चिंतन पाककृतीसारखे पायरीपायरीने उरकले जाण्याचा धोका नोंदवला. वही वरिष्ठ आणि परीक्षक दोघेही वाचणार असतील, तर चूक कबूल करणे उमेदवाराला जड जाते. म्हणून खाजगी वही व सादर करायची निवडक नोंद वेगळी ठेवणे इष्ट.

मराठीत चिंतनाला जवळचा ‘मनन’ हा शब्द श्रवण-मनन-निदिध्यासन या परंपरेतला असून तेथे मननाचा विषय श्रुतिवाक्य (वेदवचन) असतो. येथे तो स्वतःचे काम असतो. ‘जर्नल’ म्हटल्यावर आपल्याकडे प्रात्यक्षिकाची वही आठवते, आणि ती दुसऱ्याची उतरवूनही पूर्ण करता येते. चिंतनाची वही तशी उतरवता येत नाही.

भारतात शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. ही उमेदवारी शिक्षणानंतरची होती. पदवी अभ्यासक्रमातच उमेदवारी किंवा आंतरवासिता (इंटर्नशिप) अंतर्भूत करण्याची मार्गदर्शक तत्त्वे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये काढली.