बाळंतिणीच्या ताटातली पुरणपोळी

पोळ्याला नागपुरात घरोघरी पुरण शिजतं, आणि घरात तान्हं बाळ असलं की सासूबाई सुनेला हमखास अडवतात: "डाळीचं खाऊ नकोस गं, बाळाच्या पोटात वारा धरेल." पुरणपोळी, वडे, गोळाभात, पातोडीचा रस्सा; आपल्याकडच्या सणाचं अर्धं ताट हरभऱ्याच्या डाळीचंच. ते वगळलं की तिच्या वाट्याला मऊ भात नि तूप.

हा समज चुकीचा आहे. हरभऱ्याच्या डाळीतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या आंबवतात, त्यातून वायू होतो. पोट फुगलंच तर आईचं फुगेल. दूध तयार होतं रक्तातल्या घटकांपासून. आतड्यातला वायू त्यातून बाळाच्या पोटात जात नाही. लसणाचा वास दुधात उतरतो खरा, पण त्यानं काही बिघडत नाही.

मग बाळ का रडतं? सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडणं वाढतंच, तेही बहुधा संध्याकाळी, आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. नेमका तेव्हाच सण आला की खापर पोळीवर.

काही थोड्या बाळांना मात्र आईच्या आहारातलं गाईच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही. (आणि दूध तर बाळंतिणीला आग्रहानं पाजतात!) बाळाच्या शीमध्ये रक्त दिसलं किंवा वजन वाढेना, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

बाळाच्या जिभेला पुरणाचं बोट मात्र लावू नका. पहिले 6 महिने फक्त आईचं दूध.