जुन्या गेम-कॅसेटची किंमत करायची तर आधी ती उघडा

नाशिकमध्ये बुधवारी गोदाकाठी भरणाऱ्या बाजारात जुने चार्जर, रिमोट आणि गंजलेले पाने यांच्या ढिगात अजूनही एखादी व्हिडिओ गेमची कॅसेट हाती लागते. वर छापलेलं असतं '९९९९ इन १'. विकणारा मोबाइलवर परदेशी लिलावाचे आकडे दाखवतो आणि हजारांच्या गोष्टी करतो. आकडे खोटे नसतात. जुलै २०२१मध्ये सुपर मारिओ ६४ची एक प्रत अमेरिकेत १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. पण ती सीलबंद होती आणि तिला तपासणीत १०पैकी ९.८ गुण मिळालेले होते. ढिगातल्या कॅसेटशी त्या आकड्याचा काडीचा संबंध नाही. इथे किंमत ठरते ती आतल्या सर्किट बोर्डावर.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेले मीडिया, लिटल मास्टर वगैरे टीव्ही गेम म्हणजे जपानी फॅमिकॉमच्या नकला. निन्टेंडोने फॅमिकॉम १९८३च्या जुलैत बाजारात आणला. त्याच्या कॅसेटला ६० पिना असतात, तर त्याच्याच अमेरिकी आवृत्तीच्या, म्हणजे एनईएसच्या कॅसेटला ७२. म्हणून पहिलं काम पिना मोजण्याचं. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक कॅसेटी ६० पिनांच्याच निघतात.

फॅमिकॉमच्या कॅसेटला स्क्रू नसतो, दोन झाकणं खाचांत अडकवलेली असतात. जुनं सिमकार्ड किंवा गिटारचं पिक सांध्यात घालून कडेकडेने सरकवलं की एकेक खाच सुटते. स्क्रूड्रायव्हर खुपसला की प्लास्टिकला चावा पडतो, आणि तो पुढच्या ग्राहकाला लगेच दिसतो. अमेरिकी कॅसेटींना ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. पेनाची नळी वितळवून स्क्रू फिरवण्याची युक्ती यूट्यूबवर जोरात आहे, पण एवढ्या स्वस्त बिटसाठी वस्तू पणाला लावू नये.

उघडल्यावर दोनपैकी एक चित्र दिसतं. अस्सल बोर्डावर बहुधा निन्टेंडोचं नाव आणि 'एचव्हीसी'ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो, आणि पाय असलेल्या काळ्या चौकोनी चिप असतात. नकलेत बहुधा डांबराच्या थेंबासारखा काळा इपॉक्सीचा गोळा दिसतो. त्याखाली उघडी सिलिकॉन चकती थेट बोर्डावर चिकटवलेली असते आणि केसापेक्षा बारीक तारांनी जोडलेली असते. बोर्ड वाकवला की या तारा तुटतात, आणि गोळ्याखालचा बिघाड दुरुस्त होत नाही. म्हणून अशी कॅसेट विकत घेण्याआधी चालवून पाहायलाच हवी.

चाळीस वर्षांनंतरही या वस्तू चालतात, कारण बहुतेकांत मास्क रॉम असतो. त्यातला एकेक बिट कारखान्यात चिप घडवतानाच रचनेत कोरला जातो. पुसण्यासारखं त्यात काही उरतच नाही. नव्याने बनवलेल्या नकलांत मात्र ईपीरॉम किंवा फ्लॅश असते. ईपीरॉममध्ये माहिती म्हणजे एका बंदिस्त थरात कोंडलेला विद्युतभार, आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू झिरपतो. चिपवर काचेची गोल खिडकी असेल आणि तिच्यावरचा स्टिकर निघालेला असेल, तर अतिनील किरणांनी खेळच पुसला जाऊ शकतो. बोर्डावर अशी खिडकी दिसली तर कारखान्यातली मूळ प्रत समजून पैसे देऊ नका.

आता '९९९९'चं गणित. डाँकी काँगसारखा सुरुवातीचा खेळ २४ किलोबाइटचा: १६ प्रोग्रामचे, ८ चित्रांचे. सुपर मारिओ ब्रदर्स ४०चा, तर काँट्राची अमेरिकी आवृत्ती १२८ किलोबाइटची. म्हणजे २४वाले ४२ खेळ भरले तरी १ मेगाबाइट जवळपास संपतं. मग ९९९९ कुठून येतात? यादीतल्या प्रत्येक नावामागे एवढीच नोंद असते की कोणता खेळ सुरू करायचा आणि मेमरीत कोणते आकडे आधीच भरायचे. आकडा बदलला की तोच मारिओ तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होतो, आणि यादीत त्याला नवं नाव मिळतं. त्यामुळे खेळणाऱ्याला ९९९९पेक्षा पुनरावृत्ती नसलेली ६४ इन १ जास्त कामाची. यादीची पहिली तीन-चार पानं चाळून पाहिली की खरं काय ते कळतं.

गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या पोकेमॉन कॅसेटींत तर नकलांचा सुळसुळाट आहे. अस्सल कॅसेटच्या फटीतून पिनांच्या वर निन्टेंडोचं नाव दिसतं, आणि लेबल तिरकं धरलं की दाबून उमटवलेला बारीक दोन अंकी क्रमांक जाणवतो.

चालत नसलेली कॅसेट मेलेली असतेच असं नाही. पिनांवर ऑक्साइडचा थर चढलेला असतो. लहानपणी फुंकर मारल्यावर खेळ चालायचा, त्याचं श्रेय बहुतांशी कॅसेट काढून पुन्हा घालण्याला आहे. त्या घर्षणाने थर खरवडला जातो. फुंकरीतला ओलावा उलट गंज वाढवतो. साफसफाईला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. एमजी रोडवर मोबाइल दुरुस्तीचं सामान मिळतं तिथे विचारा. कापसाची काडी ओली करून पिनांच्या लांबीच्या दिशेने फिरवा, काडी काळी होणं थांबेपर्यंत नवी घेत राहा, आणि दहा मिनिटं वाळवून मगच कॅसेट लावा. औषधाच्या दुकानातल्या सर्जिकल स्पिरिटमध्ये भेसळद्रव्यं असतात, त्याचा थर मागे राहतो. सँडपेपरने सोन्याचा पातळ मुलामा जातो, आणि खालचं तांबं उघडं पडलं की पुढच्या पावसाळ्यात हिरवं झालंच म्हणून समजा.

सेव्ह होणाऱ्या खेळांत, उदाहरणार्थ १९८७च्या अमेरिकी 'द लेजंड ऑफ झेल्डा'मध्ये, ३ व्होल्टची बटण-बॅटरी असते. मल्टिमीटरवर २.५ व्होल्टच्या खाली दिसली की बदलायची. पट्ट्या आधीच वेल्ड केलेली सीआर २०३२ मागवा. नुसत्या सेलवर थेट डाग (सोल्डर) देऊ नका, लिथियम सेल तापून फुटू शकतो. सोल्डरिंग आयर्न ३५० अंश सेल्सिअसवर ठेवा, तीन सेकंदांत डाग उरका, आणि धन-ऋण टोकं दोनदा तपासा. बॅटरी काढली की सेव्ह गेलंच. पोकेमॉन रुबी आणि सफायर याला अपवाद आहेत. तिथे बॅटरी फक्त घड्याळ चालवते, सेव्ह फ्लॅशमध्ये असतं.

भाव काढताना विक्रेत्याने मागितलेली रक्कम धरू नका. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या पाच-सहा प्रतींच्या किमती घ्या, टोकाच्या दोन वगळा आणि मधली धरा. त्या प्रती त्याच देशाच्या आवृत्तीच्या हव्यात, आणि नुसती कॅसेट की खोक्या-पुस्तिकेसह, हेही जुळलं पाहिजे. पुष्कळदा खोकं कॅसेटपेक्षा दुर्मिळ असतं, कारण पुठ्ठा घरात कोण जपतो! भारतीय बाजारातल्या नकलांना परदेशात भाव जवळपास नाही. इथे त्यांना गिऱ्हाईक आठवणींपोटी मिळतं, आणि ते मूळ खोक्याला व चांगल्या लेबलला जास्त पैसे देतं. अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथला कुणीही सांगेल की जुनं नाणं घासून चकचकीत केलं की त्याची किंमत पडते. लेबलचंही तसंच आहे: फाटका कोपरा चिकटवू नका, नवं छापील लेबल तर अजिबात लावू नका.

पावसाळ्याआधी प्रत्येक कॅसेट झिपलॉक पिशवीत ५ ग्रॅम सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. रंग बदलणारी जेल घेतली तर ती कधी तापवून वाळवायची ते दिसतं. पीव्हीसीची कव्हरं आणि रबरबँड टाळा. एकातून चिकट द्रव सुटतो, दुसरं वितळून लेबलला चिकटतं. कपाट खिडकीसमोर नको, कारण उन्हाने करडं प्लास्टिक पिवळं पडतं आणि लेबलवरचा लाल रंग बहुधा सगळ्यात आधी उडतो.