वरातीत खरा कोण नाचेल?

लग्नसराईत लालबाग-परळच्या गल्लीतून वरात निघाली की बँडवाल्याला एक फर्माईश ठरलेलीच: नागीण. मग एकजण रुमालाचं टोक दातांत धरून बीन वाजवतो, दुसरा डोक्यावर हातांचा फणा करून भर रस्त्यात लोळतो. लोळणारा बहुतेक वेळा नवऱ्याचा मामा असतो, आणि कपड्यांची काळजी फक्त मामीला असते.

गोरेगावच्या फिल्मिस्तानचा ‘नागिन’ १९५४ साली आला. संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली गाजलेली बीन ही बीन नव्हतीच! कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजवली, जोडीला रवी यांची हार्मोनियम होती. खऱ्या पुंगीत भोपळ्याला दोन नळ्या जोडलेल्या असतात. एकीतून सलग एकच सूर निघतो, दुसरीतून चाल. आतली पत्ती थरथरते तेव्हा मुख्य सुरासोबत वरचे कितीतरी उपस्वर उमटतात, म्हणून तो आवाज नाकातून आल्यासारखा लागतो. क्लॅव्हिओलिनमधल्या सर्किटची लहर जवळपास चौकोनी असते आणि तीही उपस्वरांनी गच्च भरलेली. आपला कान फसतो तो इथे.

नागाचं काय? सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही. आतला कान मात्र आहे, आणि तिथवर कंपनं पोचतात ती जबड्याशी जोडलेल्या हाडातून. त्यामुळे ‘साप ठार बहिरा’ हेही खरं नाही. अजगराच्या एका जातीवरचे प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यांत ८० ते १६० हर्ट्झच्या खर्जाला सापाचा प्रतिसाद सगळ्यात चांगला दिसला. बीनची चाल बहुतांशी याच्या बरीच वर असते. नाग डोलतो तो समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून, स्वतःच्या बचावासाठी. गारुड्याने नुसती मूठ हलवली तरी तो तसाच डोलेल. आरे कॉलनीतला एखादा नाग चुकून वरातीत शिरलाच, तर त्याला बीनपेक्षा ढोलाचा दणका जाणवेल आणि बहुधा तो जवळचं बीळ शोधेल.

मोराची गोष्ट वेगळी. ‘नाच रे मोरा’ १९५३ सालचं, गदिमांचे शब्द आणि पुलंची चाल. मोर नाचतो ते ढगांसाठी नव्हे, लांडोरीसाठी. त्याचा विणीचा हंगाम पावसाच्या तोंडावर येतो, एवढाच ढगांशी संबंध. पण ताल त्याच्याकडे आहे आणि तो अफाट आहे. पिसारा म्हणजे मोराची शेपटी नव्हे. खरी आखूड शेपटी पिसाऱ्यामागे असते. पिसारा उभारून मोर तो सेकंदाला साधारण २५ वेळा थरथरवतो. एवढ्या थरथरीतही पिसांवरचे डोळे जवळपास स्थिर दिसतात. २०१८ च्या अभ्यासात आणखी एक गंमत कळली: डोक्यावरचा तुरा नैसर्गिकपणे याच्याच जवळपासच्या वेगाने कंप पावतो. लांडोरीलाही तुरा असतो, तेव्हा समोरचा नाच तिला डोळ्यांबरोबर डोक्यावरही जाणवत असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे.

वरातीतला तिसरा हुकमी कलाकार पोपट, आनंद शिंद्यांच्या गाण्यातला. इथे मात्र विज्ञान गाण्याच्या बाजूने उभं राहतं. अमेरिकेतल्या स्नोबॉल नावाच्या काकाकुव्याला अनिरुद्ध पटेल आणि सहकाऱ्यांनी एकच गाणं वेगवेगळ्या लयीत ऐकवलं. त्याने आपली हालचाल बऱ्याचदा लयीप्रमाणे बदलली. हे २००९ साली प्रसिद्ध झालं. काकाकुवा पोपटांच्याच गणातला. ऐकलेला आवाज गळ्यातून काढायला शिकणाऱ्या प्राण्यांच्या मेंदूत कान आणि हालचाल यांचा धागा पक्का असतो आणि ताल त्यातून येतो, असं पटेल यांचं म्हणणं. वरातीत धुडगूस घालणारं गाणं कोंबडीवरही आहे, पण तिची हाक जन्मजात, शिकलेली नव्हे. त्यामुळे या हिशोबाने ती बाद. सी-लायन हा सीलसारखा समुद्री प्राणीही आवाज शिकणाऱ्यांत गणला जात नाही. प्रशिक्षण दिलेल्या एका सी-लायनने मात्र २०१३ साली ताल धरून दाखवला आणि या म्हणण्याला चांगलाच धक्का दिला.

स्नोबॉलचे नाचाचे प्रकार २०१९ साली मोजले गेले. ते १४ निघाले, डोकं झटकण्यापासून पाय उचलण्यापर्यंत, आणि त्यासाठी त्याला कुणी तालीम दिलेली नव्हती.