ग्रुपने घोड्यांच्या फार्मवर येताय? आधी एवढं वाचा

नागपूरच्या काटोल रोडवर संत्र्याच्या बागांमध्ये आमचा फार्म आहे. राहायला खोल्या, घरचं जेवण आणि 7 घोडे. ऑफिसचे ग्रुप येतात, भिशीतल्या मैत्रिणी येतात, चार घरं मिळून येतात, आणि फोनवर बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "वरातीतलेच घोडे का हो?" नाही. आमचे घोडे मारवाडी आणि काठियावाडी, रपेटीसाठीच तयार केलेले. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली दिसली की ओळखा.

7 घोड्यांपैकी एकावर आमचा माणूस पुढे असतो, म्हणजे एका वेळी 6 पाहुणे. रपेट तासाभराची, आणि एका घोड्याला दिवसातून दोनच फेऱ्या. शनिवारी दुपारी आलात तर संध्याकाळी 6, रविवारी सकाळी 6, निघण्याआधी 6, असे 18 जण होतात. त्याहून मोठा ग्रुप असेल तर दोन रात्री ठेवा. "आणखी एक राउंड मारू द्या ना" याला आमचं उत्तर एकच, "नाही".

वजन खरं सांगा. खोगिरासकट घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार त्याच्या पाठीवर नको, असा साधारण हिशेब आहे. आमचा सगळ्यात दणकट घोडा 400 किलोच्या आसपास, त्यात खोगीरच 10 किलोचं. म्हणून मर्यादा 70 किलो. फार्मवर वजनकाटा आहे, पण सगळ्या ग्रुपसमोर त्यावर उभं राहण्यापेक्षा फोनवर सांगितलेलं बरं. 70 किलोवरच्यांसाठी टांगा आहे, बागेतून मस्त फेरी होते. गरोदर बायका, पाठीचं किंवा मणक्याचं दुखणं असलेले, नुकतंच ऑपरेशन झालेले यांनीही घोड्यावर बसू नये.

चढायचं डाव्या बाजूने. रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, फक्त चवडा, टाच खाली. पाय पूर्ण आत गेला आणि तुम्ही पडलात तर तो अडकतो, अन् घोडा थांबेलच असं नाही. म्हणून चप्पल-सँडल चालत नाही. थोडी टाच असलेले बंद बूट आणा. हेल्मेट आम्ही देतो. ओढणी खोलीत ठेवा. सुरुवातीला नुसती चाल, मग जमेल त्याला दुडकी, म्हणजे हलकी धाव. दुडकीत नवा माणूस खोगिरावर आपटतो, म्हणून रिकिबीवर उठबस कशी करायची ते आधी शिकवतो. भरधाव कुणालाच नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, सोमवारी सुट्टी टाकता आली तर टाका.

घोड्याच्या अगदी मागे उभं राहू नका. तिथलं त्याला दिसत नाही आणि दचकला की लाथ बसते. कान मागे चिकटवले असतील तर लांबच बरे. गूळ द्यायचा तर सपाट तळहातावर, बोटं आत. मोतद्दाराला, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्याला, विचारल्याशिवाय मात्र काहीच नाही. वाढदिवसाचा केक, पोहे, चिप्स तर मुळीच नाही: घोड्याला ओकता येत नाही, भलतंसलतं पोटात गेलं की पोटशूळ उठतो आणि त्यात जनावर दगावू शकतं. याच कारणाने चंदी (घोड्याचा दाणा) खाल्ल्यावर लगेच रपेट होत नाही, तेव्हा वेळ पाळा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले महिने. पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास येतो, स्वेटर लागतोच. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाच्या भीतीने गावाकडची वाट बंद, रपेट बागेतच. एप्रिलच्या मध्यापासून उन्हामुळे घोडे सावलीत. पावसाळ्यात काळी माती खुरांना धरून ठेवते, त्यामुळे तेव्हाही रपेट नाही. राहायला या, हिरवळ छान असते.

जेवणात झुणका-भाकर, रोडगे, वांग्याचं भरीत. सावजी मटण हवं तर आदल्या दिवशी कळवा. डीजे आणि फटाके नकोत, आणि दारू घेतलेल्याला त्या दिवशी घोडा मिळणार नाही, मग तो ग्रुपचा साहेब का असेना.

8 वर्षांखालच्या मुलांना टांग्यात बसायला किंवा घोड्याला खरारा करायला, म्हणजे ब्रशने घासायला मिळेल. बुकिंगला निम्मी रक्कम आगाऊ. येण्याच्या 3 दिवस आधी सगळ्यांची नावं, वय आणि वजन व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे कोणाला कोणता घोडा ते आधीच ठरवून ठेवतो.