टॅक्टाइल टाइल्स

फूटपाथवर, मेट्रो स्टेशनात किंवा प्लॅटफॉर्मच्या कडेला ज्या पिवळ्या उठावाच्या फरश्या असतात त्या टॅक्टाइल टाइल्स. बऱ्याच जणांना ते डिझाइन वाटतं, पण त्या आहेत अंध आणि कमी दिसणाऱ्या लोकांसाठी, पायाला नाहीतर पांढऱ्या काठीला लागून वाट कळावी म्हणून. खुणा दोनच. लांब पट्ट्या म्हणजे त्या दिशेने चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे क्रॉसिंग, जिना, वळण असं काहीतरी आहे. रंग पिवळा कारण अधू दृष्टीच्या बऱ्याच जणांना थोडंफार दिसतं आणि करड्या फरशीवर पिवळं पटकन उठून दिसतं.

कल्पना जपानच्या सेइइची मियाके यांची, 1965 ची. 18 मार्च 1967 ला ओकायामात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या, 1970 ला ओसाकातल्या आबिकोचो स्टेशनवर. पुढे प्लॅटफॉर्मसाठी जपानमध्येच एक फार कामाची सुधारणा झाली. नुसते ठिपके पायाला लागले तर रूळ डावीकडे की उजवीकडे ते कळत नाही ना, म्हणून ठिपक्यांच्या आतल्या, म्हणजे रुळांपासून लांबच्या बाजूला एक सलग पट्टी टाकतात, पट्टी ज्या बाजूला लागेल ती बाजू सुरक्षित.

आपल्याकडे मेट्रो स्टेशनांत काम बऱ्यापैकी नीट असतं, फूटपाथवर मात्र हाल आहेत. पिवळी पट्टी सरळ जाऊन झाडाच्या बुंध्याला नाहीतर डीपीच्या पेटीला धडकते, वर बाइक लावलेल्या असतात, आणि केबलसाठी खोदकाम झालं की टाइल्स हाताला येतील तशा परत बसवतात, मग पट्ट्या आडव्या होतात आणि माणसाला थेट गाड्यांकडे वळवतात. टाइल नसेल तर अंध माणूस भिंतीच्या, कठड्याच्या अंदाजाने सावधपणे जातो, चुकीची असेल तर तो तिच्यावर विसंबून चालतो आणि आपटतो, म्हणून चुकीची टाइल नसलेल्या टाइलपेक्षा वाईट. बसवणाऱ्याला ठिपके आणि पट्टीतला फरक कुणी सांगितलेलाच नसतो, हे जास्त संतापजनक आहे.

दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. पण त्याखालच्या 2017 च्या नियमांतले सुगम्यतेचे, म्हणजे रस्ते-इमारती दिव्यांगांना वापरता याव्यात यासाठीचे, निकष नुसत्या मार्गदर्शक सूचनांसारखे आहेत असं म्हणत सुप्रीम कोर्टाने 8 नोव्हेंबर 2024 ला त्यातला नियम 15 कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करायला केंद्राला तीन महिने दिले.